दुसऱ्याच्या नावाचे नऊ दिवस

माणसाच्या आयुष्यातला प्रत्येक दिवस फक्त त्याचाच असतो. तो कुणाला देता येत नाही, कुणाकडून उसना घेता येत नाही, आणि एकदा गेला की कुठल्याही कचेरीत अर्ज करून परत मिळवता येत नाही. या विधानाला माझ्या माहितीत एकच अपवाद आहे. एका वर्षी मी सलग नऊ दिवस कावीळ होऊन भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या भाड्याच्या खोलीत पडून होतो, आणि त्याच नऊ दिवसांत काशीमीऱ्याजवळ गोदामांच्या एका आवाराच्या गेटवर सकाळी आठपासून हजरही होतो. तशी मस्टरवर माझी सही आहे. ती मी केलेली नव्हती, एवढंच.

हे दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. त्याआधी मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. मालकाच्या मुलाला छापखान्यापेक्षा त्याखालची जमीन जास्त आवडली, त्यामुळे छापखाना बंद झाला. गोदामवाल्या कंपनीला थेट आपल्या पगारावर टेंपररी सिक्युरिटी गार्ड हवे होते. दहावी पास, उंची आणि छाती, एवढ्याच अटी. उंचीत मी काठावर पास झालो. बीए झालोय हे मी अर्जात लिहिलं होतं, ते कुणी वाचलं नाही. बरोबरच्या गार्डांना मात्र ते कुठून तरी कळलं आणि पुढची सगळी वर्षं मला ‘बीए’ अशीच हाक पडली. पदवीचा एवढा सातत्यानं उपयोग माझ्या वर्गातल्या दुसऱ्या कुणाला झाला असेल असं वाटत नाही.

आम्ही अकरा जण होतो. काम साधं होतं. ट्रक आला की नंबर लिहायचा, चलन बघायचं, आडवा बांबू वर करायचा. कंपनीच्या साहेबांची गाडी आली की बांबू आधी वर करायचा आणि मग सॅल्यूट मारायचा. यातला क्रम फार महत्त्वाचा होता, असं आमचे सिक्युरिटी ऑफिसर सांगत. ते स्वतःला मिलिटरीतले म्हणवत. मिलिटरीत नेमके कुठे होते हे कधी बाहेर आलं नाही, पण त्यांच्या मिशा आणि शिट्टी दोन्ही अस्सल होत्या. दर सोमवारी सकाळी ते आम्हाला गोदाम नंबर चारसमोर रांगेत उभं करून ‘सावधान-विश्राम’ करायला लावत. बाजूला हायवेवर ट्रकांचे हॉर्न चाललेले असत, त्यामुळे मागच्या रांगेतल्यांना सावधान ऐकू जाई तेव्हा पुढची रांग विश्रामात असे.

नोकरी साठ दिवसांच्या ऑर्डरवर असायची. साठ दिवस झाले की पंचेचाळीस दिवसांचा ब्रेक, मग पुन्हा नवी ऑर्डर. वर्षात कुणाचे दोनशे चाळीस दिवस भरू नयेत, यासाठी ही सोय होती. कायद्यात तेवढे दिवस भरले की माणसाला सहज काढून टाकता येत नाही. पण गेटवर माणसं कमी पडत, मग ब्रेक तीस दिवसांवर येई, कधी पंचविसावर. शिवाय ब्रेकवर असलेल्या माणसाला ऑफिसर घरून बोलावून घेत आणि म्हणत, ‘‘ड्यूटी करो, लेकिन जो आज नहीं आया उसके नाम पे साइन मारो.’’ असं केलं की ब्रेकवाला कागदावर ब्रेकवर राही, न आलेला कागदावर हजर राही आणि गेट सांभाळलं जाई. रेकॉर्ड अगदी स्वच्छ. कुणीही यात काही गैर मानलं नाही. आम्ही त्याला ‘हजेरी सांभाळणं’ म्हणायचो. ‘‘माझी हजेरी सांभाळ रे दोन दिवस,’’ असं म्हणून माणूस निर्धास्त जायचा.

आमच्यात सगळ्यात मोठे होते त्यांना सगळे काका म्हणत. रत्नागिरीकडचे. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं सडसडीत, बोलायला कमी. रजा हा प्रकार टेंपररीला नव्हताच, पण काका दरवर्षी गणपतीला अकरा दिवस गावी जायचे. जाण्यायेण्याचे दोन आणि बाकीचे गणपतीचे. त्या अकरा दिवसांत त्यांची हजेरी आमच्यातलाच एक कोळ्याघरचा गडी सांभाळायचा. तो किनाऱ्यावरच्या गावातून यायचा. दोन्ही पाळ्या एकटा करायचा, आपली सही करायचा आणि खाली काकांची. बदल्यात नारळी पौर्णिमेला आणि होळीला काका त्याच्या जागी. काका निघताना दर वेळी काळजी करायचे आणि तो दर वेळी तेच उत्तर द्यायचा.

‘‘काय न्हाय होत, काका. मी हाय ना. जा तुमी, मोदक आणा.’’

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मला कावीळ झाली तेव्हा काका ब्रेकवर होते. ऑफिसरांनी त्यांना बोलावलं आणि ते नऊ दिवस माझ्या नावानं उभे राहिले. त्या दिवसांचा पगार मी त्यांना आणून दिला. दिवस मात्र माझ्याकडेच राहिले. तेव्हा त्यांची काही किंमत असेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

मी स्वतः ब्रेकमध्ये बोलावणं आलं तरी जायचो नाही. भाईंदरात एक छोटं वाचनालय होतं, तिथे पंख्याखाली जाऊन बसायचो. याचाही पुढे हिशेब झाला.

एका सोमवारी ऑफिसरांनी नेहमीप्रमाणे रांग लावली. सावधान म्हणाले. मग खिशातून कागद काढून इंग्रजीत वाचला. कंपनीनं सुरक्षेचं काम एका एजन्सीला दिलं होतं आणि आमच्या सेवांची आवश्यकता उरली नव्हती. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, ‘‘विश्राम.’’ बऱ्याच जणांना इंग्रजी कळलं नव्हतं, म्हणून ते खरोखरच विश्रामात उभे राहिले. मला सगळ्यांनी विचारलं, ‘‘बीए, काय म्हणतोय तो?’’ मी सांगितलं. कोळी गडी म्हणाला, ‘‘मंग सावधान कशाला केला? तसाच सांगायचा ना.’’

काकांनी टोपी काढली, आतला घाम पुसला आणि पुन्हा घातली. मग टोपी परत करायची असते हे आठवून पुन्हा काढली.

कोर्टात जायची कल्पना कुणाची हे मला आठवत नाही. अशा कल्पना चहाच्या टपरीवर आपोआप तयार होतात आणि मग त्यांना बाप सापडत नाही. ठाण्याच्या कामगार न्यायालयात काम करणाऱ्या एक वकीलबाई मिळाल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी कंपनीकडून मस्टर मागवून घेतलं, आमच्या प्रत्येकाच्या शेवटच्या वर्षातल्या सह्या मोजल्या आणि पहिल्यांदा आमच्याकडे बघून हसल्या. सगळ्यांचे दोनशे चाळीसच्या वर जात होते. काकांचे दोनशे शेहेचाळीस, माझे दोनशे पंचेचाळीस. कंपनीनं ब्रेक आखले होते खरे, पण आपल्याच मस्टरची बेरीज कुणी केली नव्हती.

‘‘सह्या तुमच्याच आहेत ना?’’ त्यांनी विचारलं.

आम्ही सगळे हो म्हणालो. हे खोटं बोलणं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. सही ज्याच्या नावाची, ती त्याची. कुणी केली हा प्रश्न गेटवर कधी निघाला नव्हता.

मग तारखा सुरू झाल्या. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. म्हणूनच त्या थकवतात. काशीमीऱ्याच्या नाक्यावरून बस पकडायची, घोडबंदर रोडनं ठाण्याला जायचं, कॉरिडॉरमधल्या बाकावर बसायचं, दुपारी पुढची तारीख घेऊन परत यायचं. बाकावर प्रत्येकानं आपली जागा ठरवून टाकली होती. दोन वर्षांत अकराचे चार उरले. कुणी एजन्सीत लागला, कुणी गावी गेला, एकानं टेंपो घेतला. कोळी गडी स्वतःची केस सोडून भावाच्या बोटीवर जाऊ लागला होता, पण तारखेला येऊन बसायचा. म्हणायचा, ‘‘खाडा असला की घरी करमत न्हाय.’’ मी मीरा रोडला एका कॉम्प्लेक्सच्या गेटवर उभा राहू लागलो. काका काशीगावात एका गॅरेजवर राखणदारी करायचे.

एकदा बसमध्ये मी त्यांना विचारलं, ‘‘काका, आता तुमची तीन-चार वर्षं राहिली. नोकरी परत मिळाली तरी किती दिवस करणार? सोडून का देत नाही?’’

काका खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, ‘‘मला नोकरी नकोय रे.’’

‘‘मग?’’

‘‘मला रिटायर व्हायचंय.’’

मग त्यांनीच उलगडून सांगितलं. ‘‘आमच्या वाडीत मुंबैला गेलेला माणूस दोन तऱ्हेनं परत येतो. एक रिटायर होऊन आणि एक काढलेला. रिटायर झालेल्याला देवळाच्या कमिटीवर घेतात. काढलेल्याला विचारतात, काय केलंस? चोरी केलीस की दारू प्यायलास? वॉचमनला काढला म्हटल्यावर लोक पयलं चोरीच म्हणणार. मी अजून कुणाला सांगितलं नाय. गणपतीला गेलो की विचारतात, रिटायर कधी? मी म्हणतो, आहेत अजून दोन-तीन वर्षं.’’

‘‘म्हणजे दरवर्षी खोटं सांगता?’’

‘‘दरवर्षी नाय. दोनदाच सांगितलंय,’’ काका म्हणाले. त्यांनी आकडा अगदी काळजीपूर्वक सांगितला.

तिसऱ्या वर्षी काकांची साक्ष लागली. वकीलबाईंनी त्यांना समजावलं होतं की विचारतील तेवढंच सांगा, जास्त बोलू नका. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कपाळाला अंगारा लावला होता. ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणाले, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. शपथेच्या वेळी डोळे मिटणारा माणूस मी तिथे दुसरा पाहिला नाही. बाकीचे छताकडे बघतात.

कंपनीचे वकील गोड बोलणारे होते. फाइल न उघडताच उभे राहिले.

‘‘काका म्हणतात ना तुम्हाला? काका, देव मानता?’’

‘‘मानतो साहेब.’’

‘‘घरी गणपती बसतो?’’

‘‘बसतो. आजोबांच्या आधीपासनं बसतो.’’

‘‘आणतं कोण?’’

‘‘मीच आणतो. डोक्यावरनं. आमच्या घरी थोरल्यानंच आणायचा असतो.’’

‘‘कधी चुकलंय?’’

‘‘कधीच नाय.’’ काका जरासे दुखावले. ‘‘बाप गेला त्या वर्षी सुतक होतं तेवढंच.’’

वकीलबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. बहुधा त्यांना तेव्हाच समजलं. वकिलांनी आता फाइल उघडली आणि मस्टरचं एक पान काकांसमोर धरलं. भाद्रपदातले ते अकरा दिवस. अकराही दिवस काकांची सही.

‘‘ही सही काय सांगते? की गणपतीचे हे अकरा दिवस तुम्ही काशीमीऱ्याला गेटवर उभे होतात. खरं आहे ना?’’

नुसतं हो म्हणायचं होतं. सही होती, मस्टर कंपनीचंच होतं, आणि ऑफिसर सोडता कुणी काही म्हणू शकलं नसतं. काकांनी पान बघितलं. मग न्यायाधीशांकडे बघितलं. त्यांची खरोखर पंचाईत झाली होती.

‘‘साहेब, मी गेटवर होतो म्हटलं, तर गणपती आणला कुणी?’’

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी स्टेनोला संथपणे सांगितलं, ‘‘लिहा. हे खरे आहे की, सदर अकरा दिवस मी कामावर हजर नव्हतो. हे खरे आहे की, त्या दिवसांच्या सह्या माझ्या नाहीत.’’

वाडीतल्या माणसांना नोकरीबद्दल दोनदा खोटं सांगणारा माणूस कोर्टात गणपतीबद्दल एकदा खोटं सांगू शकला नाही. यात मोठं तत्त्व वगैरे शोधू नये. ज्या गोष्टीत खोटं बोलता येतं तिच्यात तो बोलला. ज्या गोष्टीत जीभ उचलत नाही तिच्यात नाही.

बाहेर चहाच्या गाडीपाशी वकीलबाईंनी फाइलच्या पाठीवरच वजाबाकी केली. दोनशे शेहेचाळीस वजा अकरा. दोनशे पस्तीस.

‘‘पाच कमी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फक्त पाच. मला आधी का नाही सांगितलंत?’’

‘‘तुम्ही विचारलंच नाय बाई.’’

‘‘सह्या तुमच्या आहेत का, विचारलं होतं मी!’’

‘‘माझ्या नावाच्या होत्या ना,’’ काका म्हणाले. बाईंनी चहा तसाच ठेवला.

तेवढ्यात कोळी गडी बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, ‘‘पर काका, बीएची कावील इसरलांव काय? त्याच्या नावावर उबा व्हता ना तुमी? ते दिस कुनाचं?’’

काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की एरवी तो गप्प बसला असता, पण त्याला कळलंच नव्हतं त्यानं काय केलंय. ‘‘नऊ दिस व्हता,’’ त्यानं पुढे माहिती दिली.

वकीलबाईंनी पेन पुन्हा उघडलं. ‘‘म्हणजे ते नऊ दिवस काम यांनी केलं आणि सही तुमच्या नावाची?’’ त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. दोनशे पस्तीस अधिक नऊ, दोनशे चव्वेचाळीस. काका आत. दोनशे पंचेचाळीस वजा नऊ, दोनशे छत्तीस. मी बाहेर. चार दिवसांनी. ब्रेकमध्ये बोलावलं तेव्हा चार दिवस गेलो असतो तरी निभावलं असतं. पण ते चार दिवस मी पंख्याखाली बसून वाचत होतो. काय वाचत होतो हेही आता आठवत नाही.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. ‘‘मी दोघांचीही वकील आहे. त्यामुळे आत्ता जे ऐकलं ते मी ऐकलेलं नाही. तुमची साक्ष पुढच्या तारखेला आहे. तुम्हाला कुणी विचारणार नाही. तुम्ही सांगितलंत तरच ते निघेल.’’ आणि त्या दुसऱ्या कोर्टात निघून गेल्या.

परतीच्या बसमध्ये काका माझ्या शेजारी बसले नाहीत. पुढच्या सीटवर बसले आणि मागे न बघता बोलले.

‘‘तू काय बोलायचं नाय.’’

‘‘बघू.’’

‘‘बघू काय? तुझी अजून वीस-पंचवीस वर्षं आहेत. परमनंट होशील. माझं काय, रिटायर व्हायचं तर व्हायचं, नायतर सांगेन वाडीत, तब्येतीमुळे सोडली.’’

‘‘तिसऱ्यांदा खोटं?’’

काशीमीऱ्याला उतरताना ते म्हणाले, ‘‘तुला बीए कुणी केला रे?’’

मी काही उदार माणूस नाही, हे इथे सांगून टाकतो. पुढचा महिनाभर मी स्वतःला पटवत होतो की काकांना ते दिवस दिले तरी कोर्ट मान्य करेलच असं नाही. मग दोघांचंही नुकसान. हा युक्तिवाद चांगला होता. त्यातली एकच अडचण म्हणजे तो मला फार सोयीचा होता. नोकरी मला हवी होती. मीरा रोडच्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर बसायला स्टूल नव्हतं, आणि पुस्तक दिसलं तर सोसायटीचे सेक्रेटरी सायंकाळच्या बैठकीत तो विषय घेत.

बायकोला मी सगळं सांगितलं. दोनशे छत्तीस, दोनशे चव्वेचाळीस, सगळे आकडे. ती पोळ्या लाटत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘काविळीचा रक्ताचा रिपोर्ट कपाटात आहे. वरच्या खणात, गॅसच्या पुस्तकाखाली.’’ मग पुढची पोळी लाटायला घेतली. मी आणखी काही मुद्दे मांडले, पण त्यांवर चर्चा झाली नाही.

माझी साक्ष पंधरा मिनिटांत आटोपली. वकीलबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, ‘‘आणखी काही सांगायचंय?’’ त्यांनी हे माझ्याकडे न बघता विचारलं. मी रिपोर्ट काढून दिला आणि ते नऊ दिवस कुणाचे होते ते सांगितलं.

कंपनीचे वकील उठले. आज त्यांचा आवाज गोड नव्हता, कारण हे त्यांच्या फाइलमध्ये नव्हतं.

‘‘म्हणजे नऊ दिवस तुम्ही कंपनीची फसवणूक केलीत?’’

‘‘नाही. मी झोपून होतो.’’

न्यायाधीशांनी स्टेनोला सांगितलं, ‘‘हे खरे नाही की, मी कंपनीची फसवणूक केली. हे खरे आहे की, मी झोपून होतो.’’

मग त्यांनी मस्टर मागवलं आणि त्या नऊ सह्या माझ्या इतर सह्यांशेजारी ठेवून बघितल्या. मीही पहिल्यांदाच बघत होतो. माझी सही म्हणजे एक अक्षर आणि पुढे घसरत गेलेली रेघ. काकांनी माझं पूर्ण नाव लिहिलं होतं, शाळेतल्या पाटीवर लिहावं तसं, गोल, सुटं, नऊच्या नऊ दिवस सारखं. माझं नाव मी कधी एवढ्या काळजीनं लिहिलेलं नाही. कुणीही पाच फुटांवरून ओळखलं असतं की हा दुसरा हात आहे. वर्षभर रोज मस्टर तपासून सही करणाऱ्या ऑफिसरांना ते दिसलं नव्हतं. त्यांची साक्ष झाली तेव्हा याबद्दल विचारल्यावर ते ताठ उभे राहून म्हणाले, ‘‘रेकॉर्डवर जे आहे ते आहे, सर.’’ ब्रेकमधल्या माणसांना तुम्हीच बोलावत होता का, यावर म्हणाले, ‘‘याद नहीं.’’ मिशा मात्र उतरल्या होत्या.

निकालाला आणखी दीड वर्ष लागलं. मध्ये न्यायाधीश बदलले, नव्यांनी सगळं पुन्हा ऐकलं. निकालाच्या दिवशी बाकावर आम्ही तिघंच होतो, काका, मी आणि कोळी गडी. उरलेले दोघे आधीच कंपनीशी तडजोड करून मोकळे झाले होते. निकाल इंग्रजीत होता आणि वकीलबाईंनी तो आम्हाला कॉरिडॉरमध्ये चार वाक्यांत सांगितला. काकांचे दोनशे चव्वेचाळीस दिवस मान्य. त्यांना काढणं बेकायदा, कामावर परत घ्यावं. माझे दोनशे छत्तीस मान्य. म्हणून माझा अर्ज फेटाळला.

‘‘तुमचं वर जाऊ या,’’ बाई मला म्हणाल्या. ‘‘पॉइंट आहे.’’

मी म्हटलं, नको. पॉइंट असेल, पण मला आता बाकावर बसायचा कंटाळा आला होता. कोळी गड्यानं विचारलं, ‘‘म्हंजे बीए हरला आनि काका जिकला?’’ बाई हो म्हणाल्या. ‘‘आनि बीएनंच जिकवला?’’ बाई घड्याळ बघत म्हणाल्या, ‘‘असं निकालात नाही.’’ काका माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी पायातल्या चपलेचा अंगठा बघितला. मग म्हणाले, ‘‘चहा मी देणार.’’ आणि त्यांनी दिला.

कंपनीनं लगेच काकांना घेतलं असं नाही. आधी वरच्या कोर्टात जाणार असल्याचं कळवलं. गेली नाही. मग हेड ऑफिसची मंजुरी यायची होती. मग मंजुरी आली पण सहीचे साहेब टूरवर होते. हा सगळा काळ काका रोज सकाळी मला मिस्ड कॉल द्यायचे. मी उलटा फोन केला की विचारायचे, ‘‘पत्र आलं असेल का रे?’’ पत्र त्यांच्या पत्त्यावर येणार होतं, माझ्या नाही, पण मी वाचणारा माणूस म्हणून मला आधी कळेल असा त्यांचा समज होता.

घाई असण्याचं कारण होतं. काकांना शाळेत घालताना गुरुजींनी त्यांची जन्मतारीख एक जून लावली होती, जशी त्यांच्या वर्गातल्या सगळ्यांची लावली होती. कंपनीच्या नियमानं अठ्ठावन्न पुरी होण्याच्या आदल्या दिवशी माणूस निवृत्त होतो. म्हणजे एकतीस मे. त्याच्या आत कामावर घेतलं नाही, तर कामावर नसलेल्या माणसाला निवृत्त कसं करणार, असं कंपनीच्या कारकुनानं काकांना तोंडी सांगितलं होतं. ते कायद्यानं बरोबर होतं की नाही, हे मला माहीत नाही. वकीलबाई म्हणाल्या की बरोबर नाही, पण भांडायचं तर पुन्हा तारखा. हे ऐकून काका म्हणाले, ‘‘तारखा नको. मग मी रिटायर व्हायच्या आधी मरेन.’’ आणि आपल्याच बोलण्यावर हसले. पाच वर्षांत मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं.

तीस मेला संध्याकाळी बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हजर व्हावं. मी कॉम्प्लेक्समध्ये बदली माणूस देऊन त्यांच्याबरोबर गेलो.

काकांनी जुना गणवेश घातला होता. कंपनीनं टोपी परत घेतली होती, गणवेश मागायला विसरली होती. पाच वर्षांत तो कमरेला सैल झाला होता. गेटवर आता एजन्सीची दोन मुलं होती, निळ्या कपड्यांत. त्यांनी आम्हाला आत सोडलं. आडवा बांबू जाऊन तिथे विजेवर वर होणारा दांडा आला होता. काकांनी तो वर जाताना आणि खाली येताना दोन्ही वेळा बघितला.

ऑफिसात कारकुनानं हजर झाल्याचं पत्र टाइप केलं. काकांनी मस्टरवर सही केली, आपल्या नावाची. भिंतीवर घड्याळ होतं, त्यात सव्वाबारा झाले होते. काका म्हणाले, ‘‘मी गेटवर जाऊन उभा राहू?’’ कारकून म्हणाला, ‘‘कशाला? त्यांची ड्यूटी आहे तिथे. बसा इथंच.’’ मग त्यानं दुसरा कागद मशीनला लावला, घड्याळाकडे बघितलं आणि डबा घेऊन उठला. आम्ही बाकावर बसलो. काका पाठ टेकवून बसले नाहीत. मी विचारलं, पाणी आणू का? म्हणाले, ‘‘ड्यूटीवर आहे मी.’’

कारकून जेवून आला, त्यानं निवृत्तीचं पत्र पूर्ण केलं, आत जाऊन सही आणली, शिक्का मारला आणि काकांना दिलं. ते इंग्रजीत होतं, म्हणून काकांनी मला वाचायला दिलं. त्यात काकांनी कंपनीची निष्ठेनं सेवा केल्याबद्दल कंपनीनं समाधान व्यक्त केलं होतं आणि नियत वयोमानानुसार ते आजपासून निवृत्त होत असल्याचं म्हटलं होतं. मी सावकाश मराठीत सांगितलं. काकांनी ‘रिटायर’ शब्द कुठे आहे तो बोटानं दाखवायला सांगितलं. मी दाखवला. त्यांनी पत्राची घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. घड्याळात दोन वाजले होते.

पाच वर्षं लढून परत मिळवलेल्या नोकरीत काका त्या दिवशी एकूण पावणेदोन तास होते. त्यातला एक तास कारकुनाची जेवणाची सुट्टी होती.